बूड टेकलेल्या गाडीला मागच्या स्प्रिंगा कशा निवडाव्यात

साहित्य: मागून बूड टेकलेली जुनी अमेरिकन गाडी, एक. शिंप्याची टेप, एक. नसेल तर बायकोच्या शिवणयंत्राच्या खणातली, पण विचारून. विमानाच्या बॅगा तोलायचा लटकता काटा, एक. कुवेतमधल्या मराठी घरात तो तांदळाच्या डब्यासारखा असतोच. वही, पेन्सिल, गाडीखाली अंथरायला जुनी चादर. सल्लागार लागतील तितके. ते वेगळे आणावे लागत नाहीत, बॉनेट उघडलं की जमतात. स्प्रिंगा मागे असल्या तरी उघडायचं बॉनेटच, कारण डिकी उघडली तर लोकांना वाटतं आपण सामान भरतोय, आणि मग कोणी थांबत नाही.

कृतीआधी माझा अधिकार सांगून टाकतो. माझ्याकडे १९७० सालची शेव्हर्ले शेव्हेल मालिबू आहे, चार दारांची. घरात तिला शेवभेळ म्हणतात. जाणकार मंडळी चार दारांच्या शेव्हेलला मसल कार मानत नाहीत. दोन दारं, पुढे ‘एसएस’ची अक्षरं आणि आत राक्षसासारखं इंजिन असेल तर ती मसल कार, चार दारं असली की मावशीची गाडी. असू दे. घराणं एकच, मागच्या आसाची बांधणी एकच, त्यामुळे दोघींचं दुखणंही एकच. गेल्या तीन वर्षांत मी मागच्या स्प्रिंगांच्या दोन जोड्या घेतल्या. गरज एकीचीच होती. हा लेख पहिल्या जोडीला अर्पण.

पायरी पहिली: गाडीखाली वाका आणि स्प्रिंग आहे का ते पाहा.

हसू नका. आपण ज्या गाड्या बघत वाढलो त्या अँबॅसिडर आणि फियाट, दोघींच्या मागे पाटे. एसटीला पाटे, ट्रकला पाटे, बैलगाडीला तेही नाहीत. त्यामुळे ‘गाडी मागून बसली’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे हायवेच्या कडेला ट्रकचे पाटे ठोकून पुन्हा कमानीत आणणारा माणूस उभा राहतो. अमेरिकनांमध्येही दोन्ही पंथ होते. १९७० च्या आसपासची मस्टँग, कॅमेरो, फायरबर्ड, चार्जर, चॅलेंजर या सगळ्या पाटेवाल्या. वेटोळ्याची स्प्रिंग मागे लावणारं घराणं म्हणजे जनरल मोटर्सच्या मधल्या मापाच्या बहिणी: शेव्हेल, पाँटिअ‍ॅकची जीटीओ, ओल्ड्समोबीलची ४४२, ब्यूकची जीएस. काळ साधारण १९६४ ते १९७२. शिवाय थोरली इंपाला आणि पुढे तिची कॅप्रिस. इथे कुवेतमध्येच मंगफला राहणाऱ्या एका स्नेह्यांनी हौसेनं कॅमेरो घेतली आणि वाकून न बघताच मागच्या वेटोळ्याच्या स्प्रिंगा मागवल्या. आल्या. आता त्यांच्या बाल्कनीत त्या स्प्रिंगांवर कढीपत्त्याची कुंडी आहे. वारा सुटला की कढीपत्ता डोलतो.

वाकलाच आहात तर एक गोष्ट ऐका. मसल कार म्हणजे काय, तर मध्यम अंगाच्या गाडीत थोरल्या गाडीचं इंजिन. १९६४ साली पाँटिअ‍ॅकनं हा आचरटपणा जीटीओच्या रूपानं रीतसर विकायला काढला आणि मग सगळेच सुटले. आकड्यांवर मात्र भाबडा विश्वास नको. १९७० च्या शेव्हेलवर ३९६ असं मिरवणारं इंजिन मोजलं तर ४०२ घनइंच भरतं. आकडा खपत होता म्हणून पाटी बदलली नाही. पुढे विम्याचे हप्ते वाढले, धुराचे नियम आले, आणि उरलंसुरलं तेलानं संपवलं. ते कुठे ठरलं? १६ ऑक्टोबर १९७३ रोजी आखाती देशांच्या तेलमंत्र्यांनी याच कुवेत शहरात बसून तेलाचा भाव ७० टक्क्यांनी वाढवला, आणि दुसऱ्या दिवशी अरब तेलमंत्र्यांनी इथेच बसून उत्पादन घटवायचा निर्णय घेतला. अमेरिकेतली धष्टपुष्ट गाडी ज्या गावाच्या निर्णयानं खंगली, त्याच गावात ती आज पन्नास वर्षांनंतर गॅरेजात जपून ठेवलेली सापडते. शुवैखला जुन्या गाड्यांचं संग्रहालयच आहे. आणि ९१ ऑक्टेनचं पेट्रोल ८५ फिल्स लिटर असल्यावर तिची भूक कोण काढणार!

पायरी दुसरी: मोजा.

इथे नवशिके घाई करतात. मीही केली. गाडी मागून बसली म्हणून मी आधी शॉकअप बदलले. नवे शॉकअप सुंदर होते, निळे होते, आणि गाडी होती तिथेच होती. साधा शॉकअप गाडीचं वजन उचलत नाही. स्प्रिंगेनं घेतलेली उसळी तो शमवतो, एवढंच. वजन उचलते ती स्प्रिंग. उचलणारा एक आणि गप्प करणारा दुसरा, असे हे दोघे एका घरात राहतात, आणि आपण कायम दुसऱ्यालाच दोष देतो.

मोजायला सपाट जागा लागते. सालमियातल्या आमच्या इमारतीच्या तळघरातलं पार्किंग सपाट दिसतं, पण मुलाची गोटी ठेवली की ती गटाराकडे चालू लागते. तीन शुक्रवार शोधल्यावर एक सपाट कोपरा सापडला, तोही दुसऱ्याच्या जागेत. टायरमध्ये हवा नेमकी भरा. पेट्रोलची टाकी पूर्ण भरा, कारण ती मागेच असते आणि पाऊणशे लिटर पेट्रोल म्हणजे पंचावन्न किलो. पुढच्या दोन सीटांवर माणसांइतकं वजन ठेवा. मी बकालावाल्याकडून, म्हणजे कोपऱ्यावरच्या वाण्याकडून, बासमतीच्या वीस किलोच्या सात पिशव्या एका संध्याकाळच्या बोलीवर उसन्या आणल्या आणि दोन्ही सीटांवर वाटून ठेवल्या. शेजारच्या मल्याळी गृहस्थांनी काही विचारलं नाही, पण दुसऱ्या दिवसापासून ते मला जरा जपून हसतात.

आता गाडीचं बूड दोन-तीनदा दाबून सोडा, म्हणजे ती आपल्या नेहमीच्या उंचीवर येऊन बसेल. मग चादरीवर आडवे व्हा. मागच्या आसाच्या वर चासीला एक रबरी ठोकळा असतो. आस फार वर आला तर त्यानं लोखंडावर न आदळता रबरावर आदळावं यासाठी तो असतो. त्या ठोकळ्यापासून आसापर्यंतची मोकळी जागा मोजायची. हीच तुमची पुंजी. माझ्या गाडीत ती डावीकडे ५५ मिलिमीटर भरली आणि उजवीकडे ६७. डावीकडे कमी का? इथे गाड्या उजव्या बाजूनं चालतात, चालक डावीकडे बसतो, आणि पन्नास वर्षांतले बहुतेक प्रवास त्यानं एकट्यानं केलेले असतात.

टेप घेऊन आत गेलाच आहात तर स्प्रिंगेच्या वरच्या टोकाला असलेली रबरी चकती बघून घ्या. २१ जुलै २०१६ ला कुवेतच्या मित्रिबाहमध्ये ५३.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदवलं गेलं, आणि तेव्हापासून इथला प्रत्येक माणूस प्रत्येक बिघाडाचं खापर उन्हावर फोडतो. स्प्रिंगेच्या स्टीलला हे ऊन म्हणजे थंडीची दुपार. रबराचं मात्र पार वाळवण होतं. माझ्या चकत्या हातात आल्या तेव्हा कुरडयांसारख्या मोडल्या.

पायरी तिसरी: उंच हवी की कडक, ते ठरवा.

या एका पायरीसाठी हा सगळा लेख आहे. बाकीच्या नाही वाचल्यात तरी चालेल.

बसलेल्या गाडीकडे बघून प्रत्येक जण म्हणतो, ‘स्प्रिंग मऊ पडली.’ मीही म्हणत होतो. कापसाची गादी बसते तशी ती बसली, आता पिंजून घ्या किंवा कडक घ्या, असा आपला गादीचा हिशेब. पण स्प्रिंग म्हणजे गादी नव्हे. बसलेली स्प्रिंग मऊ झालेली नसते, बुटकी झालेली असते. तिच्यावर आणखी शंभर किलो ठेवले तर नवी असताना जेवढी दबली असती तेवढीच ती आजही दबते. फक्त आधीच खाली उभी असल्यामुळे लवकर तळ गाठते. पगार तेवढाच, शिल्लक कमी, असं समजा.

का, ते सूत्रातच आहे. महाराष्ट्रातल्या कुठल्याही मेकॅनिकल इंजिनिअरनं भांडारींचं मशीन डिझाइनचं जाडजूड पुस्तक उशाशी ठेवलेलं असतं आणि त्यातला स्प्रिंगचा धडा ऑप्शनला टाकलेला असतो. स्प्रिंग टाकली की वालचा गुणकही आपोआप टाकला जायचा, आणि ‘वाल उसळीला बरे’ हा विनोद होस्टेलवर दरवर्षी नव्यानं व्हायचा. त्या पापाची फेड मी चाळिशीत सालमियाच्या तळघरात केली. सूत्र असं: तारेची जाडी चार वेळा एकमेकींशी गुणा, स्टीलच्या पिळाला न जुमानण्याच्या गुणानं गुणा, आणि त्याला वेढ्यांच्या संख्येनं, वेटोळ्याच्या व्यासाच्या घनानं आणि आठानं भागा. येतो तो कडकपणा. यात वयाला जागा नाही, आणि उभ्या उंचीलाही नाही.

समजा तार १४ मिलिमीटर जाडीची, वेटोळ्याचा मधला व्यास १३० आणि काम करणारे वेढे ८. तर स्प्रिंग एक मिलिमीटर दाबायला सुमारे २१.६ न्यूटन लागतात. अमेरिकन भाषेत इंचाला १२३ पौंड. आता तार १५ मिलिमीटरची घ्या. एकच मिलिमीटर वाढला, डोळ्यांना दिसतसुद्धा नाही, पण चौथा घात असल्यामुळे स्प्रिंग ३२ टक्के कडक झाली. याचा अर्थ ‘जरा जाड तारेची द्या’ हे वाक्य दुकानात कधीही उच्चारू नये. ‘जरा तिखट करा’ म्हणण्यापेक्षा ते धोक्याचं आहे.

तर प्रश्न दोन. रिकामी गाडी किती उंच उभी राहावी, हा एक. भार पडल्यावर ती किती खाली यावी, हा दुसरा. उंच पण मऊ स्प्रिंग मिळते, बुटकी पण कडकही मिळते. ज्यांना गाडी जमिनीला चिकटलेली आवडते ते दुसरी घेतात, आणि इथल्या मतबांवर, म्हणजे गतिरोधकांवर, एखाद्या नव्या सुनेसारखे हळूच पाऊल टाकत जातात. ज्याचा त्याचा प्रश्न. आपण मात्र दोन्ही उत्तरं वहीत वेगवेगळ्या पानांवर लिहायची.

पायरी चौथी: सल्लागारांचं ऐकून घ्या.

ऐकूनच घ्यायचं. पहिला म्हणेल, स्प्रिंग काढून गॅसच्या ज्योतीवर तापवून ओढा, लांब होते. होते. त्याबरोबर तिला दिलेलं पाणीही उतरतं, आणि मग ती खरोखर गादीसारखी वागू लागते. दुसरा म्हणेल, मागचं वर येत नसेल तर पुढच्या स्प्रिंगांचा एकेक वेढा कापा, गाडी समपातळीत येईल. हा माणूस भिंतीवरचा फोटो वाकडा दिसला तर घर वाकडं करणारा आहे. शिवाय आठ वेढ्यांचे सात केले की उरलेली स्प्रिंग १४ टक्के कडक होते, आणि कापलेलं टोक तिच्या बैठकीत धड बसत नाही. पुढच्या स्प्रिंगांना तर हातच लावू नका. त्या दाबून बसवलेल्या असतात, सुटल्या तर माणूस मारतात. तिसरा स्प्रिंगेच्या पोटात हवा भरायची रबरी पिशवी बसवायला सांगेल. हा तिघांत शहाणा. वर्षातून दोनदाच ओझं न्यायचं असेल तर ती पिशवी वाईट नाही; तेवढ्यापुरती हवा भरायची, मग सोडायची. मी ती घेतली नाही, कारण हवा तपासायची आठवण मला राहणार नाही हे मला माहीत होतं आणि बायकोला त्याहून जास्त.

पायरी पाचवी: भार तोला. स्वप्नातला नको, नेहमीचा.

आमच्याच इमारतीत एक काका आहेत, १९७८ पासून कुवेतमध्ये. ऑगस्ट १९९० मध्ये इराकी फौजा आल्यावर ते कॅप्रिसमधून सात माणसं घेऊन बसरा, बगदाद करत जॉर्डनच्या सरहद्दीपर्यंत गेले. त्या वर्षी एअर इंडियानं अम्मानहून एक लाखाहून जास्त माणसं मायदेशी नेली, त्यातले ते आठ. काका त्या प्रवासाविषयी फारसं बोलत नाहीत. मी शेवभेळेखाली आडवा असताना मात्र खाली आले, बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, “आमचा टायर घासायचा रे वरती. प्रत्येक खड्ड्याला. आधी मिक्सर टाकला, मग शिलाई मशीन. पाणी ठेवलं.” मग वाकून डिकीच्या टोकावर हात ठेवून म्हणाले, “जड सामान इथे नको. सीटला लावून ठेव. आम्हाला ते बगदादच्या पुढे कळलं.”

काका हिशेबाला पक्के. शेव्हेलची डिकी मागच्या आसाच्या बरीच मागे लोंबते. आसापासून पाऊण मीटर मागे १०० किलो ठेवले, तर सव्वाशे किलोच्या आसपास भार मागच्या चाकांवर येतो. वरचे पंचवीस पुढच्या चाकांवरून उचलले जातात. तराफ्याच्या टोकावर माणूस उभा राहावा तसं. मागच्या सीटवरची माणसं मात्र आसाच्या जरा पुढे बसतात, त्यांच्या वजनाचा पाचवा हिस्सा पुढची चाकं घेतात.

आमचा नेहमीचा मोठा भार म्हणजे विमानतळ. गणपतीचं मखर, मंडळाच्या कार्यक्रमाची पातेली, आठवड्याचा बाजार, हे सगळं त्याच्यापुढे किरकोळ. सासू-सासरे परत निघाले होते तेव्हा मी लटकता काटा घेऊन चारही बॅगा तोलल्या: एकूण ९८ किलो. त्यात खजूर किती आणि कपडे किती ते विचारू नका. मागच्या सीटवर सासरे, सासूबाई आणि मुलगा, मिळून १९०. सासूबाईंचं वजन काट्यावर लटकवून घेता येत नाही. ते मी अंदाजानं धरलं आणि मोठ्यानं वाचलं नाही. बॅगांचे मागच्या आसावर १२२, माणसांचे १५२, बेरीज २७४ किलो. वरच्या उदाहरणातल्या स्प्रिंगांची जोडी एक मिलिमीटर दबायला ४.४ किलो मागते. म्हणजे गाडी मागून ६२ मिलिमीटर बसणार. आणि माझ्या डाव्या बाजूला पुंजी होती ५५.

उत्तर लख्ख दिसत होतं. कडकपणा ठीक आहे, उंची गेली आहे. मूळ कडकपणाची, मूळ उंचीची नवी जोडी घ्या. हे सगळं वहीत मी स्वतः लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या, आणि मग विक्रेत्याच्या यादीत ‘हेवी ड्यूटी’ हे शब्द वाचले.

पायरी सहावी: ‘हेवी ड्यूटी’ वाचल्यावर वही पुन्हा उघडा.

मी उघडली नाही. ज्यानं मला स्प्रिंगा विकल्या त्याला मी गाडीचं नाव आणि साल सांगितलं, ‘चार दारं’ हे सांगितलं नाही, त्यानं विचारलंही नाही. आल्या त्या त्याच घराण्यातल्या लांब स्टेशन वॅगनच्या. बाहेरून हुबेहूब. शेव्हेल कुटुंबात दोन दारांची, चार दारांची, वॅगन आणि एल कॅमिनो नावाची अर्धी गाडी अर्धा टेम्पो, अशी भावंडं आहेत. सगळ्यांच्या स्प्रिंगा एकमेकांच्या जागी सुखानं बसतात. तिथेच फसगत. बसते ती आपली असं नाही, हे ज्यानं भावाचा कोट घालून लग्न केलंय त्याला कळेल.

परिणाम: रिकामी गाडी मागून अशी उचलली गेली की नाकतोडा उडायच्या बेतात आहे. हेडलाइट रस्त्याच्या खळग्यांचा अभ्यास करू लागले. मतबावरून जाताना मागच्या सीटवरून मुलगा पुढे आला, पुस्तक आलं, आणि शेवटी टिफिन आला. सहा महिने मी ‘ती जरा बसेल हळूहळू’ म्हणत होतो. नव्या स्प्रिंगा पहिल्या काहीशे किलोमीटरांत थोड्या बसतात हे खरं, पण थोड्या. बायकोनं एवढंच विचारलं, “शेवभेळ आहे ना? मग एवढी तिखट का?”

पायरी सातवी: दुसरी जोडी मागवा. गाडीची दारं मोजून सांगा. सुटा भाग ओळखायचा क्रमांक स्वतः पडताळा, आणि तारेची जाडी, उभी उंची, ठरावीक भाराखालची उंची हे तीन आकडे मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका. ठरावीक भाराखालची उंची सगळ्यात महत्त्वाची. उभी उंची नुसती दिखाऊ, कारण स्प्रिंग गाडीखाली कधी मोकळी उभी राहत नाही.

भाड्याचं काय? जोडी जड, खोका जड, त्यावर आखाती सीमाशुल्क ५ टक्के. आमची भाची न्यू जर्सीहून इकडे येणार होती. तिच्या बॅगेत आजवर चकलीचा सोऱ्या, पुरणयंत्र, इडलीपात्र सगळं जाऊन-येऊन आहे. तिनं तक्रार केली नाही. स्प्रिंगा आल्या तेव्हा त्यांच्या पोटात, जागा फुकट जाऊ नये म्हणून, मुलाचे मोजे, दोन टूथपेस्ट आणि मेपल सिरपची बाटली गुंडाळून भरलेली होती. तपासणीच्या पडद्यावर ते कसं दिसलं असेल याचा मी विचार करत नाही. सिरप फुटलं नाही. स्प्रिंगांना मात्र अजून कधीकधी गोडसर वास येतो असं मला वाटतं, बाकी कोणाला येत नाही.

पायरी आठवी: बसवणं. याचं नवशिक्यांना फार भय असतं आणि ही सगळ्यात सोपी गोष्ट आहे. शुवैखच्या गॅरेजांच्या भागात शनिवारी सकाळी लवकर जा. आमचे उस्ताद पठाण, हिंदी-उर्दूत बोलणारे, चहा आधी आणि पाना नंतर असं मानणारे. चासीखाली भक्कम जॅकस्टँड, आसाखाली वेगळा जॅक. शॉकअपची खालची टोकं सोडवली, आसावर जाणारा ब्रेकचा एकुलता रबरी पाइप ताणला जात नाही ना ते बघितलं, आणि आस सावकाश खाली घेतला. स्प्रिंग हातानं उचलून बाहेर. ना शिकंजा, ना हातोडा. वॅगनची जोडी खाली ठेवल्यावर उस्ताद तिच्याकडे बघून म्हणाले, “ये किसने दिया, साब? दुश्मन ने?” मी म्हटलं, मीच घेतली.

एकच गोष्ट त्यांना सांगावी लागली. मागच्या आसाला धरून ठेवणाऱ्या दांड्यांच्या टोकांना रबरी बुश असतात. त्यांचे बोल्ट आस लोंबत असताना आवळले, तर गाडी खाली आल्यावर ते रबर कायम पिळलेल्या अवस्थेत राहतं, लवकर मरतं, आणि तोवर गाडीची उंचीही चुकीची दाखवतं. म्हणून सगळं ढिलं ठेवायचं, गाडी चाकांवर उभी करायची, बूड दाबून सोडायचं आणि मगच आवळायचं. उस्तादांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “बाचर करेंगे.” बाचर म्हणजे कुवेती भाषेत उद्या. मी तिथेच बसून राहिलो. तासाभरात तो बाचर उजाडला.

शेजारच्या गाळ्यात आपली इंपाला घेऊन आलेले एक म्हातारे कुवेती गृहस्थ चहाचा पेला घेऊन आमच्याकडे बघत होते. इथल्या जुन्या माणसांच्या बोलीत आपले कितीतरी शब्द मुक्कामाला आहेत: पंख्याला बनका, पायतणाला जूती, लोणच्याला आचार. १९६१ पर्यंत इथे चलनही रुपयाच होतं. ज्या वर्षी दिनार आला त्या वर्षी एका दिनाराला तेरा रुपये आणि एक तृतीयांश. ते उठले, गाडीच्या मागे पंधरा पावलं गेले, एक डोळा मिटून पुढच्या-मागच्या मडगार्डांची रेघ जुळवली आणि म्हणाले, “अल-हीन सीदा.” आता सीधी.

मी तरीही टेप घेऊन आडवा झालो. रिकामी, टाकी भरलेली, पुढे तांदळाऐवजी उस्ताद आणि त्यांचा पोऱ्या: डावीकडे १०४, उजवीकडे १०५.

पायरी नववी: खात्री.

सासू-सासरे या वर्षी पुन्हा येऊन परत निघाले. चार बॅगा, या खेपेला ९७ किलो, जड दोन सीटला लावून. मागे तिघं, पुढे आम्ही दोघं. सिक्स्थ रिंग रोडवरून विमानतळ. आतून काहीही आदळलं नाही, टिफिन जागेवर, सासऱ्यांना झोप. प्रवासी उतरवायच्या जागी गाडी उभी केली आणि कोणी दार उघडायच्या आत मी खाली उतरलो, खिशातली टेप काढली, आणि चांगल्या कपड्यांत मागच्या चाकाशी गुडघे टेकून हात आत घातला. मागून एक पोलिस “यल्ला, यल्ला” करत येत होता. सासूबाईंनी खिडकीचा दांडा फिरवून काच खाली घेतली.

“जावईबापू, काय हरवलंय?”

“बासष्ट मिलिमीटर.”

“मिळाले का?”

टेपवर ४२ दिसत होते. एकशे चारातून बेचाळीस गेले. “मिळाले,” मी म्हटलं, आणि बॅगा उतरवायला डिकी उघडली.